पूर, आग आणि चाचणी

आमच्या यंत्रणेला एकूण तीन संकटं माहीत होती: पूर, आग आणि चाचणी. पडद्यावर तिन्हींची एकाच मापाची तीन बटणं होती. त्यांतलं चाचणीचं संकट दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता न चुकता यायचं. बाकीची दोन मी नोकरीला लागल्यापासून एकदाही आली नव्हती. म्हणजे चार वर्षांचा अनुभव असलेला मी खरं तर फक्त चाचणीचा तज्ज्ञ होतो.

काम सोपं होतं. बटण दाबलं की नदीकाठच्या खालच्या वस्तीतल्या साडेचार हजार फोनांवर सूचना जायची. फोनचा आवाज बंद असला तरी तो किंचाळायचा. मग आमच्या भिंतीवरच्या मोठ्या नकाशात ठिपके उजळायचे. सूचना वाचली की ठिपका हिरवा, पोहोचली पण वाचली नाही तर पिवळा, आणि ज्यानं सूचना बंदच करून ठेवल्यात तो राखाडी. शिवाय वस्तीत सहा खांबांवर भोंगे होते. त्यांवर वाजायचा तो आवाज माझा. खरं तर त्यासाठी बाहेरून कुणी चांगल्या आवाजाचा माणूस आणायचं ठरत होतं, पण ठरवणारी समिती अजून ठरवतेय. तोवर तात्पुरता म्हणून मी बोललो. त्या तात्पुरत्याला तीन वर्षं झाली. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये" हे वाक्य मी इतक्या कोरड्या आवाजात रेकॉर्ड केलंय, की ऐकून कुणी घाबरलाच तर तो कंटाळ्याला घाबरेल.

आपत्ती नियंत्रण कक्षात आम्ही तिघं. एक मी. दुसरी नकाशावाली, म्हणजे आमचे नकाशे सांभाळणारी. वस्तीतली प्रत्येक गल्ली, तिचा उतार, कुठलं गटार कुठं तुंबतं, हे तिला तोंडपाठ. स्वतःच्या घरी जाताना मात्र ती फोनला रस्ता विचारते. आणि तिसरे वायरलेसकाका. निवृत्तीला पाच महिने राहिलेले. त्यांचा वायरलेस सेट सामानाच्या यादीतून केव्हाच वगळला होता, पण टेबलावरून उचलायला कुणी आलं नाही. काका दिवसभर त्याच्याशेजारी डोळे मिटून बसायचे. ते झोपलेत की ऐकतायत, यावर माझी आणि नकाशावालीची पैज होती.

आता आत्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे आहे. किंवा माझ्यामुळे.

खालच्या वस्तीची शेवटची गल्ली म्हणजे जिथं सगळा उतार संपतो आणि पुढं फक्त गटार आणि भिंत उरते, ती. तिथं तळमजल्यावर माझी आत्या राहते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आत्यानं मला वाढवलं. ती मला बोंबल्या म्हणते, कारण लहानपणी मी भोकाड पसरलं की तीन घरांतली माणसं काय झालं म्हणून बाहेर यायची. मोठेपणी मला भोंग्यावरच नोकरी लागली, याचं तिला मुळीच नवल वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका चाचणीच्या वेळी तिच्या हातात उकळत्या दुधाचं पातेलं होतं. फोन किंचाळला, पातेलं सुटलं, पाय भाजला. मी रविवारी गेलो तेव्हा ती पाय पुढं करून बसली होती. म्हणाली, "हे तुमचं संकट. अजून आलं नाही आणि मला भाजून गेलं."

मी तिचा फोन घेतला आणि सूचना बंद करून टाकल्या. ते कसं करायचं हे आमच्या खात्यातल्या लोकांनाच माहीत. सात ठिकाणी शिरून आठव्या ठिकाणी एक खूण काढावी लागते. आत्याला इतका अभिमान वाटला, की तिनं शेजारणीला हाक मारली. शेजारणीनं जावेला. मी ओट्यावर बसलो आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतले एक्केचाळीस फोन मुके केले. कुणीतरी विचारलंही, "पण खरंच काही झालं तर?"

"तर माझा भाचा आहे ना तिथं," आत्या म्हणाली. "तो सांगेल."

मी मान डोलावली. मान डोलावताना चहा पीत होतो.

*

त्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वायरलेसकाका उभे राहिले. पैज नकाशावालीनं जिंकली. ते ऐकत असायचे.

सेटमधून खोकला येत होता. नुसता खोकला, मग खरखर, मग पुन्हा खोकला. मग एक आवाज: "कक्ष... पंपहाऊस बोलतोय. टाकी बदलताना व्हॉल्व्ह... क्लोरीन. सगळी टाकी." परत खोकला. "फोन सापडत नाही. वारा खाली चाललाय. वस्तीकडं. ऐकताय ना? वारा खाली..."

"ऐकतोय," काका म्हणाले. "तू वाऱ्याच्या उलट्या दिशेनं बाहेर पड. लगेच. ऐकतोस का? पंपहाऊस, उत्तर दे."

बटण दाबलेलंच राहिलं असावं. नुसता श्वास येत होता, ओल्या कापडातून यावा तसा. मग तोही थांबला.

क्लोरीन म्हणजे पिण्याच्या पाण्यात चिमूटभर घालतात ते. पंपहाऊसमध्ये ते टनभराच्या लोखंडी टाकीत, दाबाखाली असतं. पंपहाऊस टेकडीवर आहे. वस्ती टेकडीच्या पायथ्याशी.

नकाशावाली भिंतीसमोर जाऊन उभी राहिली होती. तिचं बोट टेकडीवरून खाली सरकत होतं. "हवेपेक्षा जड असतो तो," ती म्हणाली. "पाण्यासारखा वाहतो, उतारानं, आणि खोलगट जागा सापडली की साचतो. वरच्या गल्ल्यांत आठ-दहा मिनिटं. शेवटच्या गल्लीत वीस." तिचं बोट थांबलं. "आणि तिथंच मुक्काम करणार. पुढं जायला जागाच नाही."

"माणसांनी काय करायचं?"

"वर जायचं. माडीवर, गच्चीवर. तोंडावर ओलं कापड. खाली थांबला तो..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. ती एरवी नकाशाखालची टीपसुद्धा पूर्णविरामासह लिहिते.

काकांनी तोवर फायरब्रिगेडला गाठलं होतं. गाड्या निघाल्या. मुखवटे असलेली गाडी मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. पंचवीस मिनिटं, म्हणाले. कदाचित तीस.

मी खुर्चीत बसलो आणि पडद्याकडं बघितलं. पूर. आग. चाचणी.

कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'नवीन मजकूर' असंही होतं. मी ते दाबलं आणि लिहिलं: 'विषारी वायू. गच्चीवर जा. तोंडावर ओले कापड धरा.' 'विषारी' मला तीनदा लिहावं लागलं. यंत्रणेनं मजकूर वाचला आणि सांगितलं की मंजुरीचा सहा आकडी क्रमांक साहेबांच्या फोनवर पाठवला आहे, कृपया तो भरा.

साहेब त्या दिवशी कार्यशाळेला गेले होते. कार्यशाळेचा विषय होता 'आणीबाणीतील संपर्क'. सगळ्यांचं लक्ष लागावं म्हणून संयोजकांनी दारातच सगळ्यांचे फोन एका टोपलीत जमा करून घेतले होते.

मी तिथल्या स्वागतकक्षाला फोन लावला.

"सत्र चालू आहे," बाई म्हणाल्या. "चहाच्या सुट्टीत निरोप देते."

"सुट्टी कधी आहे?"

"साडेतीनला."

"बाई, माणसं मरतील हो."

"बरं," त्या म्हणाल्या, "मग चिठ्ठी पाठवते आत." आणि त्या पेन शोधत असल्याचं मला ऐकू आलं. दोन वाजून चौदा मिनिटं झाली होती.

"पुराच्या मजकुरात काय आहे?" मागून काकांनी विचारलं.

मला पाठ होतं. "नदीची पातळी धोकादायकरीत्या वाढत आहे. तळमजल्यावरील नागरिकांनी त्वरित गच्चीवर किंवा उंच जागी जावे. खाली उतरू नये. नागरिकांनी घाबरून जाऊ नये."

"मग दाब की."

"काका, बाहेर बघा. आठ दिवस नळाला पाणी नाही. नदीत धूळ उडतेय."

"माणसं वर चढल्याशी मतलब. दाब."

मी भर उन्हात, कोरड्या नदीला, पूर आणला.

*

ठिपके पिवळे झाले, मग भराभर हिरवे. नकाशावर हिरवळ पसरत गेली आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग मदतीच्या तिन्ही लायनी एकदम वाजायला लागल्या.

"पूर आलाय म्हणे? मग आमच्या नळालाच का येत नाही?"

"गच्चीवर जा, गच्चीवर! गॅस आहे, पूर नाहीये!"

"मघाशी पूर म्हणालात."

"तो... चुकून नाही, मुद्दाम..."

"साहेब, आधी एक काय ते ठरवा," म्हणून त्यानं फोन ठेवला. ठेवता ठेवता घरात कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं: "अगं, ह्यांचंच ह्यांना माहीत नाही."

दुसऱ्यानं दोन बादल्या पुराची मागणी नोंदवली. मागे चार-पाच जण हसत होते. त्यांच्या हसण्याच्या आवाजावरून ते तळमजल्यावर बसलेत हे मला कळत होतं. कसं, ते विचारू नका.

तिसरा फोन एका बाईंचा. "मी पोरींना घेऊन वर आलेय. पण पाणी तर कुठं दिसत नाही. उतरू का?"

"उतरू नका. अजिबात उतरू नका. टॉवेल भिजवा, तोंडावर धरा."

"बरं." मग जरा थांबून: "पण मग हा वास कसला येतोय?"

ती वरच्या गल्लीतली होती. दोन वाजून बावीस मिनिटं. नकाशावालीच्या बोटानं सांगितलं तसंच तो चालत होता, मिनिटाचाही उशीर न करता. आमच्याकडं इतकं वेळेवर आजवर कुणी आलं नव्हतं.

"बरीच माणसं चढलीत," नकाशावाली म्हणाली. ती एकेका खांबावरचा कॅमेरा उघडून बघत होती. "वास आल्यावर बाकीचेही पळतायत. वरच्या गल्ल्या सुटतील. पण हे काय आहे?" तिनं नकाशाच्या तळाशी बोट ठेवलं. "ही शेवटची गल्ली अख्खी राखाडी का? टॉवर गेला का तिथला?"

मी त्या राखाडी ठिपक्यांकडं बघत राहिलो.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. चार सेकंद असतील. त्या चार सेकंदांत मी खरोखर असा विचार केला की टॉवर गेला म्हणावं.

"टॉवर नाही," मी म्हणालो. "मी आहे. मी बंद केल्यात सूचना. सगळ्यांच्या. हिवाळ्यात."

तिनं माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तिथं तुझं कोण आहे?"

"आत्या."

"फोन लाव."

मी लावत होतोच. सगळी वस्ती एकमेकांना फोन करून पुराचे विनोद सांगत होती, आणि त्या विनोदांच्या गर्दीत माझा फोन शिरत नव्हता. सातव्यांदा लागला. वाजत राहिला. दुसऱ्या खोलीत, शेल्फावर, चष्म्याच्या घराशेजारी तो वाजतोय हे मला दिसत होतं. आत्या दुपारी दोन ते साडेतीन झोपते. 'मी दुपारची पाठ टेकत नाही' असं ती जगाला सांगते, त्यामुळे दार लावून झोपते.

मग कट्. मग 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.' तो आवाजही कुणीतरी तात्पुरता म्हणून दिला असणार.

"भोंगा," काका म्हणाले.

मी पुराचं रेकॉर्डिंग सुरू केलं. नकाशावालीनं शेवटच्या गल्लीचा कॅमेरा मोठ्या पडद्यावर घेतला. भोंग्याच्याच खांबावर तो लावलेला होता, त्यामुळे गल्ली वरून दिसायची: दोन्ही बाजूंना बुटकी दुमजली घरं, बाहेरून जिने, ऊन. एक बाई दोरीवर कपडे टाकत होती. माझा आवाज सुरू झाला तशी तिनं मान वर करून थेट आमच्याकडं बघितलं, आणि पुढचा कपडा झटकला. पालथ्या घड्यावर पाणी. दर महिन्याला हाच आवाज, याच पट्टीत, हेच सांगतो. आज त्याची तारीख चुकली असेल, इतकंच तिला वाटलं असणार.

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि माईक ओढला. माईकच्या शेजारी प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड होतं. थेट बोलायचं झालं तर फक्त त्यावरचंच वाचायचं असा नियम. मी वाचलं. सवयीनं अगदी रेकॉर्डिंगसारखं वाचलं. बाईनं दुसरा कपडा झटकला.

दोन वाजून सत्तावीस. मागे काका सेटवर एकसारखे म्हणत होते, "पंपहाऊस, पंपहाऊस, कक्ष बोलतोय. उत्तर दे."

मी कार्ड पालथं घातलं.

"आत्या," मी म्हणालो. "ऊठ. हे रेकॉर्डिंग नाहीये. मी बोंबल्या. आत्ताचा. पूर नाही, विषारी गॅस आहे, वर जायचंय. आत्या, तू झोपली आहेस. तू सगळ्यांना सांगतेस की दुपारी पाठ टेकत नाही, पण तू दोन ते साडेतीन घोरतेस, आणि हे आता सहा खांबांवरून अख्ख्या वस्तीला कळलंय. ऊठ आणि मला शिव्या दे."

कपडे टाकणारी बाई थांबली. समोरच्या खिडकीत दोन डोकी आली. ती हसत होती.

आणि आत्याचं दार उघडलं.

आनंदानं माझ्या घशातून काहीतरी विचित्र निघालं, तेही सहा खांबांवर गेलं. आत्या बाहेर आली. चष्मा कपाळावर, हातात काठी. ती तडक खांबापाशी आली, तोंड वर केलं आणि काठी नाचवत बोलायला लागली.

माझी योजना इथवरच होती. ती जागी व्हावी. ती आता जागी होती आणि वस्तीतल्या सगळ्यात खोल गल्लीच्या मधोमध उभी राहून एका खांबाशी भांडत होती.

कॅमेऱ्याला कान नाहीत. पण मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. वीस वर्षं ऐकलेत. मेल्या, लाज नाही वाटत? चारचौघांत? ये घरी, बघते तुला.

"वरच्या टोकाला बघ," नकाशावाली हळूच म्हणाली.

गल्लीच्या वरच्या तोंडाशी जमिनीलगत हवा बदलली होती. धूर नव्हे. भिंतींचा खालचा हातभर भाग गढूळ काचेतून बघावा तसा दिसत होता, पिवळट, किंचित हिरवा. तिथं एका पायरीवर मांजर बसलं होतं. ते उठलं, दोन पावलं चाललं आणि आडवं झालं. घाई नव्हती त्याला काही.

"आत्या, वर जा. जिना चढ."

आत्यानं कानामागे हात धरला. मग काठीनं नदीकडं दाखवलं: कुठंय पाणी?

"पाणी नाही गं! पूर मीच पाठवला, कारण दुसरं बटणच नव्हतं. नवीन मजकूर लिहायचा तर साहेबांच्या फोनवर नंबर येतो आणि साहेबांचा फोन टोपलीत आहे..." माणूस घाबरला की खरं बोलतो म्हणतात. बोलतो, पण फार सविस्तर बोलतो. मी तिला मंजुरीची पद्धत समजावत होतो आणि भिंतीवरची ती गढूळ रेघ एकेक दार खाली येत होती. तिसरं दार. चौथं.

काकांचा हात माझ्या खांद्यावर पडला. "समजावू नकोस," ते म्हणाले. "वेळ नाही त्याला."

मी समजावणं थांबवलं. मग करण्यासारखं काही उरलंच नाही, आणि मला रडू फुटलं. हुंदके वगैरे नाही. भोकाड. लहानपणी फुटायचं तसं, पोटातून, तोंड वासून. सरकारी माईकवर, सहा खांबांवरून, कामाच्या वेळेत.

आत्याची काठी हवेत थांबली.

त्या आवाजाला ती ओळखते. मी ताप लपवला होता तेव्हाचा, विहिरीच्या कठड्यावर चढून बसलो होतो तेव्हाचा, आईला नेलं त्या सकाळचा. काठी खाली आली. तिनं खांबाकडं बघणं सोडलं आणि पहिल्यांदा वळून गल्लीच्या वरच्या टोकाकडं बघितलं.

बघितलं, आणि ती जिन्याकडं न जाता पहिल्या दाराकडं गेली.

"आत्या, आधी तू!" मी ओरडलो. "आधी तू वर!"

मागे न बघता तिनं पंजा उचलला: गप्प बस. दारावर काठी आपटली. दुसऱ्या दारावर. खिडकीतली डोकी आता हसत नव्हती. कपडे टाकणाऱ्या बाईनं दोरीवरचे ओले कपडे ओरबाडले आणि धावत सुटली. माणसं बाहेर येत होती, वर बघत होती, जिने चढत होती. कुणी म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं होतं. कुणीतरी टीव्ही घेतला होता. आत्या लंगडत पुढच्या दारी. पाचवं. सहावं. मी माईकमध्ये नुसता "आत्या, आत्या" करत होतो आणि ती गढूळ रेघ तिच्याकडं येत होती, आणि ती रेघेच्या दिशेनंच दारं वाजवत चालली होती.

शेवटी ती वळली. तिचा जिना गल्लीच्या मधोमध. पहिली पायरी. गुडघा धरून दुसरी. तिसऱ्या पायरीवर मला तिची काठी दिसली. मग पडदा पिवळट झाला आणि त्यात काही दिसेनासं झालं.

"त्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत," मी म्हणालो. कुणाला सांगत होतो माहीत नाही. लहानपणी खोटं बोललो की आत्या मला तो जिना मोजत चढायला लावायची. माईक चालूच होता. "चार, आत्या. धर कठडा. पाच. तोंडावर कापड धर. सहा."

पडद्यावर काहीही नव्हतं.

"सात. आठ."

"पंपहाऊस," मागे काका म्हणत होते, "पंपहाऊस, उत्तर दे."

मी एकोणीसपर्यंत गेलो. काय करावं कळेना, म्हणून परत एकपासून सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला नकाशावाली माझ्या शेजारी बसली आणि माझ्याबरोबर मोजायला लागली. तिचे ओठ पांढरे पडले होते. चौथी खेप. साहेबांचा सहा आकडी क्रमांक मध्येच कधीतरी आला. चिठ्ठी पोहोचली होती. मी तो भरला. यंत्रणेनं आभार मानले. सूचना साडेचार हजार फोनांवर गेली आणि शेवटची गल्ली राखाडीच राहिली.

दोन वाजून एकावन्न मिनिटांनी सेट खरखरला. काका झडप घालून वाकले.

"फायर दोन. शेवटच्या गल्लीत आहोत. गच्च्यांवर माणसं आहेत. खोकतायत. मोजतोय."

"जिन्यात बघा," काका म्हणाले. "मधल्या घराच्या जिन्यात."

उत्तर यायला वेळ लागला. मुखवट्यातला माणूस फार हळू बोलतो.

"एक बाई आहे. बसलीय. वर येत नाहीये, खालीही नाही."

"श्वास?"

"आहे," सेट म्हणाला. "बोलायला जातेय, आवाज फुटत नाहीये. हातानं काहीतरी दाखवतेय. अकरा बोटं. नाही, दहा, मग एक."

*

पंपहाऊसवाला वाचला नाही. दारापासून सहा पावलांवर सापडला, वायरलेस हातात. बाहेर पडण्याऐवजी तो परत आत गेला होता, वाऱ्याची दिशा सांगायला. काका संध्याकाळी सहापर्यंत त्याला हाका मारत होते. त्यांना कळलं होतं तरी. मला यावर विनोद सुचत नाही, आणि सुचलाच तर तो मी सांगणार नाही.

आत्या सतरा दिवस हॉस्पिटलात होती. आवाज गेला. अजूनही ती कुजबुजते, आणि कुजबुजीत शिव्या देते. त्या जास्त लागतात. शुद्धीवर येऊन पहिलं काय म्हणाली, तर: "किती भरभर मोजत होतास मेल्या. मी अकरावर, आणि तू एकोणीसला पोहोचून परत एक म्हणालास. मला वाटलं, मीच खाली आले."

चौकशीत मी एक्केचाळीस फोनांचं लिहून दिलं. साहेबांनी विचारलं, हे लिहायलाच हवं का? मी म्हणालो, हवं. शिक्षा काय द्यायची ते समिती ठरवतेय. मधल्या काळात पडद्यावर चौथं बटण आलं: वायू. पाचवं कुठलं लागेल हे कुणालाच माहीत नाही, आणि मी रोज सकाळी खुर्चीत बसतो तेव्हा त्या चार बटणांच्या पलीकडच्या मोकळ्या जागेकडंच बघत असतो.

एका रविवारी मी पुन्हा ओट्यावर बसलो. सात ठिकाणी शिरून आठव्या ठिकाणी खूण परत घातली, प्रत्येक फोनमध्ये. या खेपेला कुणी चहा दिला तर मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला सोमवार होता. अकराला दोन मिनिटं कमी असताना माझं बोट चाचणीच्या बटणावर होतं आणि ते दाबलं जात नव्हतं. काय होईल? परत कुणाचं पातेलं सांडेल. किंवा माणसं घाबरतील. किंवा घाबरणारच नाहीत, आणि ते जास्त वाईट.

फोन वाजला. आत्या.

"दाब की," ती कुजबुजली. मागे पुष्कळ पायांचा आवाज येत होता. "सगळे जिन्यात थांबलोयत. कधीचे."

मी दाबलं.

शेवटच्या गल्लीचा कॅमेरा नकाशावालीनं आधीच उघडून ठेवला होता. रिकामं ऊन. दोरीवर कपडे. एकही माणूस नाही. गच्च्या कॅमेऱ्यात येत नाहीत हे मला माहीत होतं, तरी मी त्या रिकाम्या गल्लीत माणूस शोधत राहिलो. ठिपके हिरवे होत गेले. एक, दोन, दहा, तीस, चाळीस.

एक पिवळाच राहिला. मधल्या घराचा.

काकांनी डोळे उघडले. मी घड्याळाकडं बघत होतो. वीस सेकंद. चाळीस. पिवळाच. एका मिनिटानं मला काहीतरी आठवलं आणि मी माईक ओढला.

"आत्या," मी सहा खांबांवरून म्हणालो, "चष्मा कपाळावर आहे."